कारडेक, शेवटची फेरी

अलापूलहून सुटण्याआधी
माझी कामं ठरलेली :
चाकांना पाचरी, ट्रकना साखळ्या,
आणि कुत्री मोजणं.
कुत्री मोज म्हणून मला कुणी सांगितलेलं नाही.
आज सात.

गाड्या लावून माणसं वर जातात,
सूप आणि चिप्सच्या वासात.
बोट हलली की डेकचं दार बंद,
पावणेतीन तास कुणीही खाली यायचं नाही.
नियम आहे, आणि बरोबर आहे.
मोठी लाट आली की दोन टनांची व्हॅन सरकते,
समोर कोण आहे ते बघत नाही.

पण हे कुत्र्याला कोण सांगणार?
त्याला कळतं ते एवढंच :
दार लागलं,
ओळखीची पावलं जिन्यावरून गेली,
आणि जमीन श्वास घ्यायला लागली.

काहीजण तयारीनं येतात.
पिंजरा सीटमागच्या कड्यांना आवळलेला,
काच दोन बोटं खाली,
वाटी अशी की कलंडली तरी सांडत नाही.
धक्क्यावर रांगेत उन्हात थांबायचं असलं
तर कुत्र्याला घेऊन बाहेर उभे राहतात,
गाडी तापते हे ठाऊक असतं त्यांना.
काहीजण येतात, झालं.
गेल्या ऑगस्टात एकानं
पट्टा गिअरच्या दांड्याला बांधला होता.
उड्या मारू नयेत म्हणून, म्हणाला.
मी काच फोडली.
काचेचं बिल अजून माझ्या लॉकरमध्ये आहे.
कुत्रं जगलं. तो माझ्याशी बोलत नाही.
बेट लहान, दर शनिवारी
दुधाच्या कपाटापाशी भेटतो.

आणि अलार्म.
कुत्रं कूस बदलतं, गाडीला वाटतं चोर आला.
एक बोंबलली की शेजारच्या गाडीतलं कुत्रं उठतं,
मग त्याची गाडी.
वर घोषणा होते, निळी स्कोडा, नंबर अमुक,
आणि कुणीतरी चमचा तोंडाशी धरून
आपण ते बटण दाबलं होतं का
आठवत बसतं.

आज शेवटच्या रांगेत
टॉर्कविल मॅकॉलेचा पिकअप.
म्हातारा ऑपरेशन करून परततोय,
गाडी पुतणीनं आणली, त्याला लिफ्टनं वर नेलं.
वायपरखाली चिठ्ठी, अक्षर वेडंवाकडं :

'हिचं नाव मिर्क.
साखळीच्या आवाजाला भिते.
पाणी प्यायली आहे.
गाणंबिणं नको. नुसतं नाव घ्या, हळू.'

खाली फोन नंबर,
जो या पाण्यावर लागत नाही.

आत सीटवर त्याचा स्वेटर.
मेंढ्या, डिझेल आणि वर इस्पितळाचा साबण,
काचेबाहेरसुद्धा वास येत होता.
मिर्कनं एक बाही तोंडात धरलेली.
चावत नव्हती. नुसती धरलेली,
रस्ता ओलांडताना पोर बोट धरतं तशी.

मिंचच्या मध्यावर बोट आडवी झाली.
साखळ्या वाजल्या, सगळ्या, एकदम.
ती सीटखाली शिरायला गेली, मावली नाही,
तिचं मागचं अर्धं अंग बाहेर थरथरत राहिलं.
दोन बोटांच्या फटीत
मी माझी दोन बोटं घातली.
मिर्क, म्हटलं.
काही नाही.
मिर्क.
बऱ्याच वेळानं
बोटांना ओलं नाक लागलं,
थंडगार, जरा संशयी.

स्टॉर्नोवेला दार उघडलं, वारा आत आला.
सात चढली होती, सात उतरली.
पिकअप माझ्यापाशी थांबला. म्हाताऱ्यानं काच खाली केली.
मिर्क कशी आहे, हे विचारलं नाही,
ती त्याच्या मांडीवरच होती, बाही अजून तोंडात.
'वाजल्या का साखळ्या?'
'वाजल्या.'
'मग?'
'नाव घेतलं.'
'किती वेळा?'
दोनदा, मी म्हणाले.
घसा बसला होता माझा.
तो माझ्याकडे बघत राहिला,
मग पुतणीला म्हणाला, चल.